वरच्या कप्प्यातला परवाना

६ एप्रिल

आकडेबुवा,

तुझ्या मामांनी ठेवलेल्या या नावाने तुला हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून मी कागदावर तरी लिहिते. त्यांना जाऊन काल दोन महिने झाले. मी ठीक आहे. वेळेवर जेवते. अजून दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते, एवढंच.

काल पहिल्यांदा दुकान उघडलं. तू शाळेत असताना ज्या स्टुलावर बसून पाढे म्हणायचास ते अजून डुगडुगतं. दुरुस्तीला आलेले काटे भिंतीशी तसेच टांगलेले आहेत. एका लहान काट्याचं पारडं खाली झुकलेलं दिसलं. पाहिलं तर त्यात तुझ्या मामांचा चष्मा. शेवटच्या दिवशी काढून ठेवला असेल. मी तो उचलला नाही. उचलला असता तर पारडं वर गेलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

टेबलाच्या काचेखाली झडतीची ती चिठ्ठी सापडली. तुझ्याच पोलीस खात्याची. तुला त्यांनी फोनवर निम्मंच सांगितलं असेल, म्हणून सगळं लिहिते.

गेल्या वर्षी १९ सप्टेंबरला सकाळी ते मोठ्या इस्पितळातले औषधांचे काटे तपासायला निघाले होते. पुलाजवळच्या चौकात दोन पोलिसांनी थांबवलं. यांच्याजवळ प्रमाण वजनांची पेटी. त्या वजनांना ते स्वतःसुद्धा बोट लावत नसत, हे तुला मी सांगायला नको. बोटाचा घाम लागला की पितळ डागाळतं. चिमट्याने उचलायचं, मऊ कातड्यावर ठेवायचं. एका पोलिसाने पेटीत हात घातला, तसे हे म्हणाले, "हात लावू नका." चाळीस वर्षं ते सगळ्यांना हेच म्हणत आले. मला म्हणाले, तुला म्हणाले, एकदा वजनमाप खात्याच्या मोठ्या साहेबांना म्हणाले. पोलिसाला असं म्हणायचं नसतं, हे त्यांना सुचलंच नाही.

मग पोलिसाने धंद्याचा परवाना मागितला. तो बॅगेच्या वरच्या कप्प्यात असायचा. त्या दिवशी नव्हता. कुठेतरी हरवला होता. हे कप्पे चाचपत बसले आणि पोलिसांना वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. पेटी गाडीच्या टपावर पालथी केली. बारीक वजनं गटारात गेली. यांना ठाण्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आणि सोडून दिलं. गुन्हा नाही, काही नाही. वजनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली, बटाटे देतात तशी.

चिठ्ठीत "थांबवण्याचे कारण" असा एक रकाना आहे. त्यात लिहिलंय, "आवश्यक नाही".

मी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची ठरवली आहे. घटनेपासून वर्षाच्या आत द्यावी लागते. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याची सही कोंबडीने पाय ओढल्यासारखी आहे. तू मुख्यालयात आहेस, तर तेवढं नाव शोधून दे. आणि खरं कारण काय होतं तेही. दुसऱ्याचा काटा का खोटा आहे, हे तुझ्या मामांनी जन्मभर लोकांना समजावून सांगितलं. त्यांना स्वतःला मात्र कुणी 'का' ते सांगितलं नाही.

मामी


२ मे

मामी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. वार्षिक अहवालाचं काम होतं.

तू पाठवलेली चिठ्ठीची नक्कल पाहिली. क्रमांकावरून नोंद सापडते, पण कर्मचाऱ्याचं नाव बाहेर देता येत नाही. दुसरं, त्याची बदली झाली आहे. तिसरं, तो भाग त्या वेळी दहशतवादविरोधी कायद्याखाली घोषित होता. अशा भागात कुणालाही थांबवून झडती घेता येते आणि कारण नोंदवणं बंधनकारक नाही. म्हणजे चिठ्ठीत चूक नाही.

मामी, मला मामांबद्दल काय वाटतं ते तुला माहीत आहे. आई गेल्यावर तुम्ही दोघांनी मला वाढवलं. पण या तक्रारीतून काय निघणार? मामा परत येणार नाहीत. तुला हेलपाटे होतील. खात्यात मी कसा राहतो याचाही विचार कर. परवाना त्या दिवशी जवळ असता तर मामा पाच मिनिटांत सुटले असते. दुर्दैव म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पुढच्या महिन्यात यायचा प्रयत्न करतो. दुकान भाड्याने द्यायचं असेल तर कळव, मी माणूस बघतो.

तुझा,
आकडेबुवा


१९ मे

आकडेबुवा,

परवाना असता तर पाच मिनिटांत सुटले असते. तुझं हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही.

मी वाचनालयातून तो कायदा आणला. तिथल्या बाई म्हणाल्या, कादंबऱ्या संपल्या का? मी म्हटलं, संपल्या, आता हीच एक वाचायची राहिली. मी चौथीत शाळा सोडली. नंतरचं वाचायला शिकले ते वजनं गुंडाळून यायची त्या कागदांवर. अर्धी बातमी वाचायची, उरलेली मनाने पुरी करायची. त्यामुळे कठीण भाषेची मला भीती नाही. ते कलम मी शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात असं आहे की पोलिसाला संशय यायची गरज नाही. भाग घोषित असला की पुरे. आणि तो महिन्यापुरताच घोषित करता येतो. मी आयोगाच्या कचेरीत विचारलं. आपला चौक गेली सहा वर्षं महिन्यामहिन्याने घोषित होतो आहे. पाहुणा सहा वर्षं राहिला तर त्याला पाहुणा म्हणतात का रे?

कचेरीत बाकावर एक तरुण बसला होता, औषधांच्या दुकानात काम करणारा. त्याने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि स्वतःचं पाकीट उघडलं. त्यात अकरा चिठ्ठ्या. त्याच चौकातल्या. मला म्हणाला, "मावशी, तुमची एकच? एकीवर पत्त्यांचा डाव मांडता येत नाही." मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. रोज कामावर जायचा रस्ता तोच, म्हणून तो अर्धा तास आधी निघतो. झडतीसाठी ठेवलेला अर्धा तास. त्याच्या गल्लीतली सगळीच पोरं आधी निघतात.

तुला खरं सांगते. त्या चौकातून बसने जाताना पुलाच्या कठड्याशी हात वर करून उभी केलेली पोरं मी कित्येक वर्षं पाहत आले. मनात म्हणायची, काहीतरी केल्याशिवाय का कुणी थांबवतं, कुठेतरी पाणी मुरत असणार. मग बस पुढे जायची. ते कलम माझ्या घरात आलं तेव्हा मी वाचायला घेतलं.

नाव देता येत नसेल तर नको देऊस. आकडे तर देशील? त्या चौकात वर्षभरात किती जणांना थांबवलं, कोणत्या वयाच्या, आणि त्यातून दहशतवादी किती सापडले. हे विचारायचा हक्क आहे असं आयोगातले लोक म्हणतात. आणि तू आकड्यांत खोटं लिहिणार नाहीस. तेवढं आम्ही तुला शिकवलंय.

दुकान भाड्याने द्यायचं नाही.

मामी


११ जून

मामी, नमस्कार.

सोबत तक्ता जोडला आहे. माहिती मागण्याचा तुझा अर्ज आला असं धरून रीतसर दिला आहे, तेव्हा मागच्या तारखेचा अर्ज पाठवून दे.

वर्षभरातल्या एकूण झडत्या ८,४१२. त्या कायद्याखाली अटक : शून्य. इतर कारणांनी कारवाई, म्हणजे सायकलला दिवा नसणं वगैरे : ४०. वय महिन्यानुसार दिलं आहे.

तक्ता तू बघशीलच. याहून अधिक मला सांगता येणार नाही. यायला जमलं नाही, पुढे बघू.

आकडेबुवा


३ जुलै

आकडेबुवा,

मागच्या तारखेचा अर्ज मी लिहिणार नाही. आजच्या तारखेचा लिहून पाठवला आहे. तू आधी तक्ता दिलास आणि मग अर्ज आला असं दिसेल, तर दिसू दे.

तक्ता मी दुकानात बसून पाहिला. बोट ठेवून एकेक ओळ, तू लहानपणी पाहायचास तशी. साठीच्या वरची माणसं : जानेवारीत तीन, फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये चार. ऑगस्टपर्यंत असंच. आणि सप्टेंबरमध्ये ब्याऐंशी. ऑक्टोबरमध्ये एकशे एकतीस. तरुणांचे आकडे मात्र होते तेवढेच. सप्टेंबरमध्ये शहरातले म्हातारे एकदम कशामुळे बिघडले? तू एवढं मोजलंस, तर हे तुझ्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही. काय झालं होतं ते लिही.

तुला वाटेल मामी हात धुऊन मागे लागली आहे. म्हणून त्यानंतरचे पाच महिने कसे गेले ते सांगते. ते तू फारसे पाहिलेले नाहीस.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पिशवीतली वजनं एकेक करून कातड्यावर मांडली. दोनशे ग्रॅमच्या वजनावर अंगठ्याचा डाग उमटला होता, रेषा न् रेषा दिसत होती. मी म्हटलं, चिंच लावून घासू का? म्हणाले, घासलं तर पितळ झिजेल आणि वजन कमी भरेल, डाग ठेवला तर जास्त भरेल, आता ते काही केल्या खरं होणार नाही. आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिलं.

पण वजनांचं दुःख त्यांनी पचवलं असतं. त्यांना खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीनं. परवाना आपण कुठे टाकला, हे त्यांना आठवेना. चाळीस वर्षांत एक चिमटा इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणायला लागले, माझं डोकं चाललं. गॅस बंद केला का ते तीनदा बघायचे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. नोव्हेंबरमध्ये इस्पितळाचं काम सोडलं. म्हणाले, माझा स्वतःवर भरवसा नाही तर माझ्या शिक्क्यावर लोकांनी का ठेवायचा, उद्या कुणाला औषध जास्त गेलं तर? मग पेटी उघडलीच नाही. फेब्रुवारीत दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांच्या पुढे काय बोलणार?

उत्तराची वाट बघते.

मामी


२० ऑगस्ट

मामी,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. चार वेळा लिहायला बसलो. आज पुरं करतो.

गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला एका वर्तमानपत्राने विचारलं होतं की चौकात एकाच वस्तीतल्या तरुणांना का थांबवतात. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, आकडे नीट दिसायला हवेत. मी आकडे काढले. ते नीट दिसत नव्हते. शंभरात एक्याण्णव तरुण, त्यातले बहुतेक त्याच चार गल्ल्यांतले. सरळ उपाय एकच होता, त्या पोरांना विनाकारण थांबवणं बंद करा. तसं मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "नोंदींमध्ये वयाचा समतोल आढळत नाही. ज्येष्ठ व्यक्तींचे प्रमाण वाढवल्यास आक्षेप राहणार नाही." खाली माझी सही. तारीख १२ सप्टेंबर.

ती टिपणी जशीच्या तशी ठाण्यांत गेली. चौकातल्या पोलिसांना सांगितलं गेलं की रोज चार-पाच म्हातारे घ्या. कुणाच्याही बाबतीत संशय नव्हता. मामा त्या दिवशीचे तिसरे होते.

मला हे ऑक्टोबरमध्ये कळलं. यादी तपासताना नाव दिसलं. मी पुढच्या ओळीवर गेलो.

डिसेंबरमध्ये घरी आलो होतो तेव्हा जेवताना मामा मला म्हणाले, "तू जपून राहा रे, तुला माझं रक्त आहे, विसरायला लागलास की लगेच कुणाला तरी सांग." मी म्हटलं, वयाप्रमाणे होतं मामा. आणखी काय म्हणालो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता, तुला आठवत असेल.

परवाना असता तर सुटले असते, हे मी तुला लिहिलं तेही खरं नव्हतं. आकडा पुरा करायचा होता. परवाना दाखवला असता तरी पेटी उघडली असती. सगळा दोष त्या हरवलेल्या कागदावर जावा, म्हणून मी तसं लिहिलं.

मामांना मी थांबवलं, मामी. या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. आयोगाला दिलंस तर माझी नोकरी जाईल. देऊ नकोस असं म्हणायचं मला तोंड नाही.

सही करताना ते नाव लिहवत नाही.

तुझा भाचा


२९ ऑगस्ट

बाळ,

तुझं पत्र वाचून मी दुकानात गेले आणि स्टुलावर बसून राहिले. तू पुढच्या ओळीवर गेलास, हे वाचून मला तुझा फार राग आला. तो अजून आहे. तुला बरं वाटावं म्हणून तो गेला असं लिहिणार नाही.

पण तुला शिव्या द्यायला बसले आणि मला लिहिता येईना. आता माझं ऐक.

परवाना हरवला नव्हता. मी काढला होता.

घड्यांवर तो फाटत चालला होता. यांच्या धंद्याला १ ऑक्टोबरला चाळीस वर्षं होणार होती. मला वाटलं, त्याला प्लॅस्टिकचं आवरण चढवून आणावं आणि त्या दिवशी हातात ठेवावं. १७ सप्टेंबरला हे आंघोळीला गेले असताना मी वरच्या कप्प्यातून काढला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दिला. तो म्हणाला, यंत्र बिघडलंय, दोन दिवसांनी या. मी म्हटलं, दोन दिवसांत कोण विचारतंय. आणि खरंच, चाळीस वर्षांत वजनमाप खात्याबाहेर कुणी तो मागितला नव्हता.

१९ तारखेला संध्याकाळी हे ठाण्यातून आले तेव्हा परवाना माझ्या पदराखाली होता. मी दुपारीच तो घेऊन आले होते. हे मोरीत हात धुत राहिले, साबण लावून परत परत. मला न बघताच म्हणाले, "माझंच चुकलं, मी परवाना कुठेतरी टाकला." तेव्हा सांगायचं. जिभेवर आलं होतं. मनात म्हटलं, आज दमलेत, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून घरभर परवाना शोधत होते, आणि मी त्यांच्याबरोबर शोधत होते. पलंग सरकवला, माळा उतरवला. जे पिठाच्या डब्याखाली आहे ते मी माळ्यावर शोधत होते. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार?

नवा परवाना मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. माझ्यासमोर बसून लिहिला, "माझ्या निष्काळजीपणामुळे परवाना हरवला." अक्षर किती नीट होतं. मी त्यांना चहा दिला.

तू लिहिलंस, परवाना असता तरी थांबवलंच असतं. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. थांबवलं असतं, पेटी पालथी केली असती, सगळं झालं असतं. पण ते घरी येऊन पोलिसांना शिव्या देत जेवले असते. स्वतःला दिल्या नसत्या. ते नोव्हेंबरमध्ये कामावर गेले असते. एवढा फरक पडला असता, आणि तेवढा माझा.

त्या डिसेंबरच्या जेवणाचं मला आठवतं. तिघं बसलो होतो. दोघांना खरं माहीत होतं, आणि ज्याला माहीत नव्हतं तो माफी मागत होता.

तक्रार द्यायची शेवटची तारीख १८ सप्टेंबर. आयोगातल्या बाई म्हणाल्या की शपथेवर जे खरं ते लिहा. मी परवान्याचं लिहिणार आहे. त्यामुळे तक्रार ढिली पडेल, पोलीस म्हणतील बघा, कागद नव्हताच. पडू दे. खोट्या वजनाने खरा माल तोलायचा नाही, हे या घरात दुसऱ्यांना सांगत आलो. तुझं पत्र मात्र मी देणार नाही. त्यात तुला वाचवायचं असं नाही. तुझं ओझं तुझ्या हाताने उचलून ठेव, मी तुझ्या वतीने ठेवणार नाही.

मामी


८ सप्टेंबर

मामी,

सोबत १२ सप्टेंबरच्या टिपणीची खरी प्रत आहे, माझ्या सहीची. तिच्याबरोबर माझा स्वतःचा जबाब जोडला आहे. दोन्हीची एक एक प्रत मी आज आयोगाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. वरिष्ठांनाही कळवलं. त्यांनी दोन तास समजावलं आणि मग निलंबनाचा कागद दिला.

जबाबात मामांबद्दल एक वाक्य आलं आहे. तुझ्या मागच्या पत्रातल्या हकिकतीचा उल्लेख केलेला नाही, ते तुझं आहे. पण ८,४१२ मधल्या त्या तरुणांबद्दल लिहिलं आहे. मामा तिसरे होते म्हणून मला रात्रंदिवस बोचलं. त्यांच्या आधीच्या हजारांनी मला काही बोचलं नव्हतं. ते आकडे मीच जोडत होतो, बेरीज बरोबर आली की बरं वाटायचं. हेही लिहिलं.

परवान्याबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मी काय म्हणू? सांगितलं असतंस तर मामा हसले असते, एवढंच मला वाटतं. हे लिहू की नको याचा बराच विचार केला. आता आपण एकमेकांना बरं वाटण्यासाठी काही लिहू नये, म्हणून लिहिलं.

तुझा भाचा


२१ सप्टेंबर

बाळ,

हसले असते. मलाही तेच वाटतं. म्हणाले असते, चाळीस वर्षांत एकदा कौतुक करायला गेलीस आणि नवऱ्याला आत टाकलंस. मग गल्लीभर सांगत फिरले असते. ते हसणं मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

१७ तारखेला तक्रार दिली. तो अकरा चिठ्ठ्यांवाला तरुण बरोबर आला होता. आता त्याच्या तेरा झाल्या आहेत. त्याचीही तक्रार आहे, तुझा जबाब दोन्हींना जोडणार असं म्हणतात. निकाल लागायला दोन वर्षं लागतील, तीनही लागतील. चौक या महिन्यातही घोषित झाला आहे.

येताना आम्ही चौकातून चालत आलो. पोलिसांनी त्याला थांबवलं. मला म्हणाले, बाई, तुम्ही चला पुढे. मी गेले नाही. पोलीस पंचविशीचा असेल, उन्हाने तोंड लाल झालं होतं. त्याने परत सांगितलं. मी म्हटलं, मी नुसती उभी आहे, चिठ्ठी लिहून होईपर्यंत उभी राहते. त्याने झडती घेतली, चिठ्ठी लिहिली. मी ती वाचून पाहिली. "आवश्यक नाही". पोलीस मान खाली घालून शिक्का मारत होता. तरुण म्हणाला, "मावशी, आज पहिल्यांदा कुणीतरी थांबलं." इतकी वर्षं त्या बसमधून मला उतरता आलं असतं.

आयोगातलं एक सांगायचं राहिलं. परवाना पुरावा म्हणून द्यावा लागला. प्लॅस्टिक चढवलेला, अजून नवा कोरा. तिथल्या कारकुनाने पावती लिहिली, "हरवलेला परवाना, नंतर सापडला." मी म्हटलं, तसं नाही. तो म्हणाला, आजी, त्याने काय फरक पडतो? तुमच्याच बाजूने बरं दिसतं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने वजनमाप खात्यात एक अर्ज दिलेला आहे, त्याची नक्कल या फाइलीत आहे, तो काढा. त्याने काढला. तेच नीट अक्षर. मी म्हटलं, आता पावतीवर मी सांगते ते लिहा. मागे रांग होती, तो वैतागला होता. पण त्याने पहिली ओळ खोडली आणि लिहिलं.

पावतीची नक्कल तुझ्यासाठी पाठवते आहे. मूळ पावती मी दुकानात टेबलाच्या काचेखाली घातली, झडतीच्या चिठ्ठीशेजारी. पारड्यातला चष्मा उचलून तिच्यावर ठेवला. तू इकडे राहायला ये. स्टुलाचा पाय बसवायचा आहे आणि मला ते जमत नाही. आल्यावर आपण फार बोलू असं नाही. राग अजून आहे, सांगून ठेवते.

पावतीवर एवढंच आहे : "परवाना पत्नीने काढून ठेवला होता. अर्जदाराचा निष्काळजीपणा नव्हता."

मामी